तिसरीच्या वर्गात केसवाली

"आतून कडी लाव. मी स्वतः येऊन हाक मारीपर्यंत उघडायचं नाही. कुणीही आलं तरी," मुख्याध्यापिका बिराजदारबाई म्हणाल्या आणि त्यांनीच बाहेरून दार ओढून घेतलं.

कडी कोयंड्यात बसेना. खांद्यानं दार रेटलं तेव्हा कुठे ती बसली. मागे वळून पाहिलं तर तिसरीची सगळी पोरं सतरंजीवर चिडीचूप. त्यांच्याही मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, केसवाली भिंतीला पाठ लावून बसलेली. कपाळावरची जखम तिनं पदरानं दाबून धरली होती आणि पदर ओला होत चालला होता.

"पोरांना वाचायला लाव," बाई बाहेरून म्हणाल्या. "मोठ्यानं. मला गेटपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. मी पुस्तक उघडलं. कोणता धडा होता, आज आठवत नाही. मी एक ओळ म्हणायची आणि पोरांनी ती मागून म्हणायची, असं सुरू झालं.

मी त्या शाळेची शिक्षिका नव्हते. मूळची बार्शीची, सोलापुरात डी.एड. करत होते, वसतिगृहात राहत होते. एक संस्था आम्हा मुलींना महापालिकेच्या शाळांमध्ये पाठवायची. वाचनात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून वाचायला शिकवायचं, हे काम. सुरुवातीचा महिना मात्र शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. शाळा बघायची, वस्ती बघायची, मूल कुठून येतं, घरी कोण असतं, काय बोललं जातं, हे समजून घ्यायचं. त्यामुळे मी बघत असे. शाळेच्या भोवती विणकरांची वस्ती होती. पुरुष यंत्रमागावर, बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. घराघरांत तेलुगू. शाळा मराठी. पोरं वर्गात मराठी बोलत आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की उंबऱ्यावरच तेलुगूत शिरत. मला त्यातलं अक्षर कळत नसे.

केसवालीला मी त्या महिन्यातच पाहिलं होतं. डोक्यावर टोपली, पाठीवर पोतं. बायका विंचरताना गळलेले केस गुंडाळून ठेवत आणि ते हिला देत. बदल्यात ही फुगा, पिना, नाहीतर स्टीलची वाटी द्यायची. मधल्या सुट्टीत पोरं आईच्या केसांचे गुंते मुठीत घेऊन गेटकडे धावायची. तिचं नाव यल्लव्वा, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ती सगळ्यांची केसवाली होती.

मग तो व्हिडिओ आला.

कुठल्या तरी गावात पोत्यातून पोरं पळवून नेतात, त्यांच्या किडन्या काढतात, टोळी आता आपल्या जिल्ह्यात शिरलीय, असं एक माणूस ओरडून सांगत होता. मलाही तो मैत्रिणीनं पाठवला होता. खोटा आहे हे मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी केसवाली गेटशी दिसल्यावर माझी नजर आधी तिच्या पोत्याकडे गेली, हे खरं. चार दिवसांत वस्तीची तऱ्हाच बदलली. आया पोरांना सोडायला येऊ लागल्या आणि सोडून गेल्यावरही गेटशी थांबू लागल्या. पटावरची निम्मी पोरं गैरहजर. बिराजदारबाई घरोघर जाऊन सांगत होत्या, "अहो, असं काही नाही. कुणाचं पोर गेलंय ते नाव सांगा मला." नाव कुणालाच सांगता येत नव्हतं. पण प्रत्येकीला माहीत असायचं की पलीकडच्या वस्तीतलं एक गेलंय.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी व्हरांड्यात लावण्याला घेऊन बसले होते. लावण्या कुडक्याल, तिसरीतली. बाहेरून एकदम आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ केसवाली गेटमधून आत घुसली. टोपली नव्हती, पोतं नव्हतं, एका पायात चप्पल. तिच्या मागून आलेला दगड गेटच्या पत्र्यावर आदळला. बिराजदारबाई कार्यालयातून धावत आल्या. या बाईंना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्यांनी गेट लोटलं, कुलूप घातलं, केसवालीचा दंड धरून तिला तिसरीच्या वर्गात ढकललं, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल, आत." शाळेत त्या दिवशी आम्ही दोघीच. दुसरे गुरुजी कुठल्याशा बैठकीला गेले होते आणि बाकीच्या वर्गांची पोरं आयांनी दुपारीच नेली होती.

तर आम्ही वाचत होतो. बाहेरचा आवाज वाढत होता. आधी सुटे सुटे आवाज होते, मग ते एकमेकांत मिसळले आणि त्यांची एक घरघर झाली. गेट हलवल्याचा खडखडाट. मध्येच बिराजदारबाईंचा आवाज, "पोलिसांना फोन केलाय मी! मागं व्हा!" शेजारच्या कारखान्यातले माग दिवसभर खटखटत असायचे. ते एकेक करून बंद पडत गेले. म्हणजे कामगारही बाहेर आले. माग बंद झालेली वस्ती मी तोवर ऐकलीच नव्हती.

एवढ्यात केसवाली काहीतरी पुटपुटू लागली. मी पोरांना ओळ देऊन तिच्याजवळ गेले.

"काय पाहिजे? पाणी?"

तिनं मान हलवली. डोळे माझ्यावर, पण मला बघत नव्हते. ओठ हलत होते. "बिड्ड... बिड्ड..."

मला वाटलं, बिडी मागतेय. अशा वेळी! वस्तीत बायका विड्या वळायच्या, म्हाताऱ्या ओढायच्याही. मला तिचा रागच आला. "इथं बिडी मिळायची नाही," मी दबक्या आवाजात म्हणाले. "शाळा आहे ही. गप्प बस. आवाज केलास तर सगळ्यांचंच मरण."

तिनं माझा हात धरला. हात गार होता, ओला होता. मी तो सोडवून घेतला आणि परत पुढे येऊन पुस्तक धरलं.

तेवढ्यात खिडकी अंधारली.

कुणीतरी मागच्या भिंतीवरून शाळेच्या आवारात उडी मारली होती. खिडकी उंच होती, गजांना धरून तो वर चढला असणार. दाढी वाढलेला, तिशीचा माणूस. वर्गाचा पुढचा भाग त्याला दिसत होता, कपाट दिसत होतं. कपाटामागचं दिसत नव्हतं.

"टीचर," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "ती आत हाय काय?"

"इथं... इथं मुलं आहेत."

"आमचीच हायत की. म्हणून तर इचारालाव."

"कुणी नाही आत. आमचा धडा चाललाय."

सगळ्या पोरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. वीसेक डोळ्यांच्या जोड्या. खोटं बोलू नये, असं मीच त्यांना आदल्या दिवशी कशावरून तरी सांगितलं होतं. आता एकाही पोरानं नुसतं मागे वळून कोपऱ्याकडे पाहिलं असतं, तरी संपलं होतं. मी पोरांच्या नजरा धरून ठेवायचा प्रयत्न करत होते आणि मला जाणवत होतं की माझी मान आपोआप कोपऱ्याकडे वळायला बघतेय.

पहिल्या रांगेतून कुणीतरी पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली. मी ती दिलेली नव्हती. मग दुसऱ्यानं सूर धरला, मग सगळ्यांनीच. पुस्तकात नाक खुपसून पोरं ओरडून वाचत होती. खिडकीतला माणूस थोडा वेळ तसाच लोंबकळत राहिला. मग उजेड परत आला.

मी टेबलाला धरून उभी होते.

आणि त्याच वेळी बाहेरून नवीनच आरोळी उठली. "सापडलं! पोर सापडलं!"

गलका एकदम भडकला. शब्द तुटक तुटक कानावर येत होते. मागच्या गल्लीत... झोळीत बांधलेलं... कुणाचं तरी तान्हं पोर... बघा, म्हणत होतो की नाही... काढा तिला बाहेर. गेटवर आता लाथा बसत होत्या. त्या सगळ्या गोंधळातून एका तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. बसलेल्या, दमलेल्या घशाचं रडणं.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, म्हणजे खरंच होतं तर. म्हणजे व्हिडिओ खरा, पोतं खरं, आणि मी या पोरांसकट तिच्याबरोबर एका खोलीत कडी लावून बसलेय.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. केसवाली उठून उभी राहिली होती. चेहऱ्यावर रक्ताचा ओघळ, आणि तोंड उघडं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मग ती पोरांच्या मधून, त्यांना चुकवत, दाराकडे झेपावली. मी आडवी आले. तिनं मला ढकललं, मी दाराला पाठ लावली. ती माझ्या खांद्यावरून कडीकडे हात घालत होती आणि परत तेच, आता मोठ्यानं, "बिड्ड! ना बिड्ड!"

"वेडी झालीस का? मारतील तुला!"

"ना बिड्ड!"

"टीचर." माझ्या कमरेशी लावण्या उभी होती. तिनं माझी ओढणी ओढली. "टीचर, सोडा की तिला. तिचं लेकरू हाय ते."

"काय?"

"ना बिड्ड म्हणजे माझं लेकरू. ती म्हणालीय, माझं लेकरू बाहेर हाय."

इतका वेळ वर्गातल्या प्रत्येक पोराला ते कळत होतं. मी धडा वाचून घेत होते आणि त्यांना कळत होतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

"लावण्या," मी म्हणाले, "तिला सांग, मी जाऊन बाईंना सांगते. बाई बाळ घेऊन येतील. तू इथंच थांब म्हणावं, बाहेर येऊ नको. सांग."

लावण्यानं सांगितलं. केसवाली ऐकत होती, निदान मला तसं वाटलं. तिचे हात खाली आले. ती धापा टाकत उभी राहिली. मी वळून कडी काढली आणि दाराची फट पडली मात्र, तिनं मला बाजूला लोटलं आणि ती बाहेर पडली.

मी तिच्या मागे धावले. पोरांना "हलायचं नाही" असं ओरडल्याचं आठवतं. दार मागे उघडंच राहिलं.

मैदान काही मोठं नव्हतं, पण ते संपतच नव्हतं. गेटच्या गजांमागे माणसं खच्चून भरलेली. काहीजण भिंतीवर चढून बसले होते. गेटला पाठ लावून बिराजदारबाई उभ्या होत्या, अंबाडा सुटलेला. पळून जाणारी बाई सगळ्यांनी पाहिली होती. ही त्यांच्याकडेच पळत येत होती, सरळ गेटकडे. क्षणभर कुणालाच काय करावं कळलं नाही, आरडाओरडा खाली बसला. मग भिंतीवरून एक दगड आला. तो तिच्या जबड्यावर लागला. हाड वाजल्याचा आवाज मी ऐकला. ती वाकली, पण थांबली नाही.

माझं मनगट कुणीतरी मागून पकडलं. खिडकीतला तोच माणूस. "हीबी त्यातलीच. खोटं बोलली मला. कोण हाय ही? रोज गल्लीत फिरून पोरांची नावं इचारत असती."

गेटमागून एक बाई म्हणाली, "व्हय, माझ्याबी दारात आलती." आणखी कुणीतरी "धरा तिलाबी" म्हणालं. महिनाभर मी या लोकांना बघत होते, त्यांच्या घरची भांडीसुद्धा मला पाठ होती. त्यांच्यापैकी एकालाही मी कोण ते माहीत नव्हतं.

"सोड तिला!" बिराजदारबाई इतक्या जोरात ओरडल्या की तो दचकला. "माझी पोर आहे ती. माझ्या शाळेत शिकवते. तिच्या अंगाला हात लावलास तर याद राख. तुझं पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय."

पकड सैल झाली. सुटली नाही, पण सैल झाली.

केसवालीनं गेटचे गज धरले होते. गजांमधून एक हात खांद्यापर्यंत बाहेर. जबड्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. "ना बिड्ड... ना बिड्ड..."

पुढच्याच रांगेत एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. मी तिला ओळखलं. लावण्याची आई, अंबुबाई. थोड्या वेळापूर्वी "मारा तिला" म्हणून ओरडणाऱ्यांत तिचाही आवाज मी ओळखला होता. ती बाळाला थोपटत होती, कुणाच्या तरी चोरलेल्या बाळाला. आणि समोरच्या बाईचे शब्द ऐकून तिचा थोपटणारा हात जागीच थांबला. तिच्या घरातलीच भाषा होती ती. ती आपल्या लावण्याला हाक मारते ती याच शब्दांनी.

"देऊ नको ग," मागून एकजण म्हणाला. "नाटक करालीय."

अंबुबाईनं काहीतरी विचारलं, तेलुगूत. केसवालीनं उत्तर दिलं. मला काही कळलं नाही. पण बायांच्या घोळक्यातून एक बारीक "अय्यो" निघाला आणि मागे मागे सरकत गेला. बाळानं आईचा आवाज ऐकला होता. रडणं थांबवून ते वळलं, आणि अंबुबाईच्या कडेवरून अर्धं बाहेर कलून त्यानं दोन्ही हात गजांकडे पसरले.

गेटला धरलेले हात एकेक करून सुटले.

बिराजदारबाईंनी कमरेची किल्ली काढली. मला वाटलं, आता हे नको. उघडू नका. आत घुसतील. कुलूप निघालं, गेटची एक फळी उघडली. अंबुबाई एकटीच आत आली. तिच्या मागून कुणीही पाऊल टाकलं नाही. तिनं बाळ केसवालीच्या हातात दिलं आणि तशीच उभी राहिली, दोन्ही हात मोकळे, त्या हातांचं काय करावं तिला कळत नव्हतं. माझं मनगट केव्हा सुटलं होतं, मलाही कळलं नाही. वळून पाहिलं तर तो माणूस भिंतीकडे चालत निघाला होता.

पोलीस आले तेव्हा गल्ली जवळजवळ रिकामी झाली होती. पुढे तक्रार झाली, भिंतीवरची दोन पोरं ठाण्यात जाऊन आली. दगड नेमका कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही. शाळा भरायला पुष्कळ दिवस गेले. मी संस्थेला कळवलं की मला दुसरीकडे पाठवा. मग बिराजदारबाईंनी मला हाताला धरून गल्लीतल्या एकेका दारात नेलं. "ही सुनीती क्षीरसागर. बार्शीची आहे. नीट बघून ठेवा हिला," असं त्या प्रत्येक उंबऱ्यावर म्हणायच्या आणि मी खाली मान घालून उभी राहायची. दाराशी कुणी उठून आलं तरी माझं पाऊल मागे पडायचं. मी त्या शाळेत पुढे दोन वर्षं काढली. यल्लव्वा मात्र त्या वस्तीत परत कधी आली नाही. बरी झाल्यावर तिची माणसं तिला घेऊन कर्नाटकात गेली, एवढंच समजलं.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात तिला बघायला गेले होते. अंबुबाई माझ्या आधीच तिथं आलेली. खाटेच्या पायाशी बसून ती बाळाला वाटीतून पेज भरवत होती. यल्लव्वाच्या जबड्याला पट्ट्या होत्या, तिला जेमतेम बोलता येत होतं. तिनं मला ओळखलं, हातानं बस म्हणून खुणावलं.

मी बसले. रात्रभर जे डोक्यात घोळत होतं ते शेवटी विचारलं.

"अंबुबाई, तिला विचारा ना. झोळी मागच्या गल्लीत होती. लोक मागे लागले तेव्हा ती त्याच गल्लीच्या तोंडाशी होती म्हणे. मग शाळेत का आली? बाळाकडे का नाही पळाली?"

अंबुबाईनं विचारलं. यल्लव्वानं बाळाच्या पायावर हात ठेवला, आणि पट्ट्यांच्या आतून हळूहळू दोनच वाक्यं बोलली.

अंबुबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघेना.

"काय म्हणाली?"

बाळ तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होतं.

"अंबुबाई, काय म्हणाली ती?"

"म्हणालीय," अंबुबाईनं खाली बघत सांगितलं, "दगडं माझ्या मागं येत होती. लेकराकडं पळाली असती, तर आम्ही तिकडंच आलो असतो."